घराला आलेला गोवर

"हा फोटो उतरवावा लागंल, साहेब," बाबर म्हणाले.

फोटो माझ्या आईचा होता. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर, चंदनाच्या हारासकट. शशिकांत बाबर हे साताऱ्यातले घरं विकून देणारे एजंट. पांढरा शुभ्र शर्ट, दोन मोबाइल, आणि बोलता बोलता भिंतीवर टकटक करून बघायची सवय. गोडोलीतला आमचा लहानसा बंगला विकायचा होता, म्हणून मी त्यांना बोलावलं होतं.

"हाराचा फोटो दिसला की गिऱ्हाइकाचा पाय मागं सरतो. घर कसं पॉझिटिव्ह पाहिजे. बाकी काय नाय, घर एकदम ओके!"

'ओके' ऐकल्याबरोबर अण्णांनी कानात पाणी गेल्यासारखी मान झटकली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्यांशी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. त्या शब्दाशी त्यांचं काय वाकडं होतं ते मला ठाऊक नव्हतं. शाळेत असताना एकदा 'पेपर कसा गेला?' याला मी 'ओके' असं उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी मला तो अख्खा पेपर पुन्हा सोडवायला बसवलं होतं, एवढीच त्याची माझ्यापाशी नोंद होती.

फोटोवरून आता महाभारत होणार, या तयारीने मी खुर्चीत नीट बसलो. पण अण्णा शांतपणे म्हणाले, "उतरव, मुकुंदा." मी उतरवला. त्यांनी बाहीने काच पुसली, फोटोकडे बघून "चला, वरून ऑर्डर आली आहे," असं म्हणाले आणि आईला लोखंडी कपाटात रजयांच्या कप्प्यात ठेवून आले.

मला वाटलं, माणूस तयार झाला. माणसं ओळखण्यात मी आयुष्यभर असाच तरबेज होतो.

अण्णा दिवाळीनंतर न्हाणीघरात पडले होते. हाड मोडलं नाही, पण कामाची बाई येईपर्यंत फरशीवर तसेच पडून होते. त्यानंतर त्यांनी स्वतःच मला फोन करून सांगितलं, की मी पुण्याला तुझ्याकडे येतो. फक्त एक अट घातली. "आधी घर विकायचं. वाऱ्यावर सोडून यायचं नाही." म्हणजे घर विकलं जात नाही तोवर एक चौऱ्यांशी वर्षांचा माणूस त्याच न्हाणीघरात, त्याच फरशीवर, एकटा. आणि मी, साठीला टेकलेला, स्वतःची पाठ सांभाळत, दर रविवारी पहाटे एसटीत. परतीला खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना दर वेळी वाटायचं, की यातून बाहेर पडूच नये. आत अंधार आहे, गारवा आहे, आणि कोणी काही विचारत नाही.

किमतीचं बोलणं झालं ते स्वयंपाकघरात.

"तुमचा आकडा काय, साहेब?"

"ऐंशी लाख," मी म्हणालो. पुण्यात आमच्या शेजारच्यांनी सांगितला होता. त्यांनी सातारा पाहिलेला नव्हता.

बाबर हसले नाहीत. त्यांनी सहानुभूतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब, ऐंशीत पुण्याचं वारं बी मोजलंय तुम्ही. अण्णा, तुम्ही सांगा."

"बांधलं तेव्हा बावीस हजार लागले," अण्णा म्हणाले.

"तवाचं सोडा की, अण्णा."

"सोडलं. पण तेव्हा मागच्या भिंतीच्या मालात वाळू जास्त पडली. ती अजून सुटलेली नाही."

बाबर मोठ्याने हसले. मीही हसलो. म्हातारा माणूस विनोद करतो आहे, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पासष्ट लाख ठरले.

मग घर नटवणं सुरू झालं. साध्या, मळखाऊ, खरं बोलणाऱ्या भिंतींना क्रीम रंग लागला. ट्रंका माळ्यावर गेल्या. पुण्याहून माझ्या बायकोने, नीलाने, उशांचे नवे अभ्रे पाठवले. ते इतके सुंदर होते, की अण्णा त्यांना टेकेनात. पडदे आले, मनीप्लांट आला. "उदबत्ती लावू नका," बाबरांनी बजावलं, "घरात कोण आजारी हाय असं वाटतं. गिऱ्हाईक यायच्या टायमाला कॉफी उकळत ठेवायची. वासानं माणूस हळवं होतं." गिऱ्हाइकाचं माहीत नाही, पण अण्णा हळवे झाले. ती कॉफी दर रविवारी तेच प्यायचे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी. बाबरांनी "हवेशीर, ऐसपैस, एकदम ओके" म्हणून त्यांना सोफ्यावर बसवलं.

"बसा," अण्णा म्हणाले. "पण ऑगस्टमध्ये आलात तर तिथे बसू नका. पाठ ओली होईल. मागची भिंत झिरपते."

"अण्णा गंमत करत्यात," बाबर म्हणाले.

"ती दिसत नाही सध्या. हा रंग मागच्याच आठवड्यात दिला, तुमच्यासाठी."

प्राध्यापकांनी कॉफी अर्धी ठेवली.

दुसरे मुंबईहून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. त्यांना हवा आवडली, डोंगर आवडला, अण्णाही आवडले. अण्णा त्यांना हौसेने जिन्यापाशी घेऊन गेले. "ही तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. गवंडी नवा होता, आणि माझं त्या दिवशी लक्ष नव्हतं. आल्यागेल्या प्रत्येकाला ठेच लागते. तुमच्या वयाला जपून." गृहस्थांचं हसू मावळलं. त्यांच्या पत्नीने हळूच विचारलं, "वास्तू लाभली ना हो तुम्हाला?" अण्णांनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "इथे हिचा फोटो होता. सध्या कपाटात असते. शेवटचं आजारपण याच खोलीत झालं."

बाई चपला घालून बाहेर उभ्या राहिल्या.

"साहेब," बाबर मला फाटकापाशी म्हणाले, "मी भाडं बुडवणारा भाडेकरू बघितला, कुत्रं सोडणारा भाडेकरू बघितला. पण मालकच घराच्या विरोधात साक्ष देतोय, असली केस पयलीच."

रात्री नीलाने फोनवर विचारलं, "त्यांना यायचंय ना नक्की? एकदा सरळ विचारून टाक."

"विचारलं. यायचंय म्हणतात."

"मग?"

माझ्याकडे फक्त पुढच्या रविवारचं तिकीट होतं.

त्या रविवारी बाबरांनी युक्ती काढली. एक कंत्राटदार त्यांच्या मुलासाठी घर बघायला येणार होते. "तुम्ही अण्णांना घेऊन चार भिंतीच्या टेकडीवर हवा खायला जावा. मी घर दाखवतो. म्हाताऱ्या माणसाला मोकळी हवा चांगली असती."

आम्ही गेलो. अण्णा टेकडीवर बसून खालच्या गावाकडे बघत राहिले, आणि एकदाच म्हणाले, "घरी कोणी आलं असेल ना आत्ता?" मी नाही म्हणालो. परत आलो तर बाबर फाटकात हात जोडून उभे. कंत्राटदारांना घर पसंत होतं. घासाघीस नाही, प्रश्न नाहीत. पुढच्या रविवारी अकराला बयाणा घेऊन येणार.

"त्यांना भिंतीचं सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, समदं ओके झालंय!"

अण्णांनी पुन्हा तशीच मान झटकली. मी त्या आठवड्यात अनेक महिन्यांनी शांत झोपलो. नीलाने आमच्या घरातली मागची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली.

पुढच्या रविवारी मी दहा वाजता पोचलो, तेव्हा बाबर हॉलच्या मधोमध उभे होते. दोन्ही मोबाइल वाजत होते आणि ते एकही उचलत नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "घराला गोवर आलाय."

क्रीम रंगाच्या भिंतींवर जिकडेतिकडे गेरूची लाल वर्तुळं होती. आई तुळशीच्या कुंडीला लावायची तोच गेरू. मागच्या भिंतीवर ताटाएवढं वर्तुळ. खिडकीच्या कोपऱ्यात वाटीएवढं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एक, स्वयंपाकघरात छताकडे हात पुरला नाही म्हणून वर बाण काढलेला. हॉलमध्ये आईच्या फोटोच्या खिळ्याभोवतीसुद्धा एक छोटं वर्तुळ होतं. आणि या सगळ्याच्या मध्ये अण्णा, बोटं लाल, नव्या अभ्र्याला न टेकता ताठ बसलेले.

पुसायला वेळ नव्हता. कंत्राटदार अकराला आले, आणि तीन मिनिटांत घाईने गेले. जाताना त्यांनी बयाण्याची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. जणू अण्णा तिच्यावरही वर्तुळ काढतील.

मी बसलो. मला राग आला होता, पण उभं राहून रागवायचं त्राण नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला यायचंच नाहीये. तसं सांगा. मी येणं बंद करतो. माझीही पाठ आहे, अण्णा. नीलाने तुमच्यासाठी खोली रिकामी केली. तुम्ही परत पडलात तर मी पुण्याहून किती वेळात येणार? यायचं नाही, एवढं एकदा सांगा, म्हणजे मी मोकळा."

"यायचंय," अण्णा म्हणाले. "पडलो त्या दिवशी गाल फरशीवर टेकलेला होता. तेव्हाच ठरवलं, आता पुरे. मला एकट्याला होत नाही रे."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मग हे काय आहे?"

"चार्ज देतोय."

"काय?"

"चार्ज." ते हाताखालच्या नव्या मुकादमाला सांगावं तसं मला सांगू लागले. "बदली झाली की नव्या माणसाला कालव्यावरून पायी चालवत न्यायचं. कुठे झिरपतं, कुठलं दार अडकतं, कुठे भराव खचलाय. जागेवर गेरूची खूण करून दाखवायचं. चांगलं काय आहे ते सांगायचं नाही. चांगलं त्याचं त्याला कळतं. हे सगळं झालं, की मग आपण सुटायचं. तुम्ही माणसं आणता, ती माझं ऐकायच्या आत पळून जातात. आणि परवा तुम्ही मलाच बाहेर नेलंत."

"अण्णा, हे घर आहे. कालवा नाही."

"मला ज्याने पहिला चार्ज दिला ना, त्याने तो कचेरीत बसूनच दिला. म्हणाला, सगळं…" ते थांबले. "ते तुझे बाबर म्हणतात तसं आहे, म्हणाला. त्या जुलैत कालवा फुटला. खाली शिवा खराताचा गोठा होता. बैलजोडी दाव्याला बांधलेली. दावी कापायला सुद्धा वेळ मिळाला नाही."

बाबरांनी हळूच जाऊन कॉफीखालचा गॅस बंद केला.

"तो माणूस वाईट नव्हता," अण्णा म्हणाले. "त्याला लवकर घरी जायचं होतं, एवढंच."

खोलीत लवकर घरी जायची घाई असलेले आम्ही दोघे होतो, बाबर आणि मी. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

"मेलो," बाबर म्हणाले. "पिसाळ मॅडम. त्यांना नको म्हणायचं राहिलंच."

डॉक्टर मंगल पिसाळ जनावरांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, पायात गमबूट. मागून त्यांचे यजमान, हातात त्यांची पर्स. "उशीर झाला. एक म्हैस अडली होती," असं म्हणत त्या आत आल्या आणि भिंतीसमोर थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"माफ करा," मी उठलो, "माझ्या वडलांचं जरा वय—"

"झकास केलंय. माझे पेशंट बोलत नाहीत आणि त्यांचे मालक खरं बोलत नाहीत. इथं तर पेशंटच खुणा करून बसलाय." त्या मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि ताटाएवढ्या वर्तुळावर तळहात ठेवला. "हे कधीपासून?"

"बांधलं तेव्हापासून," अण्णा म्हणाले.

"बारमाही?"

"नाही. ऑगस्टात सुरू होतं. गणपती गेले की थांबतं."

"मग तुम्ही काय करता?"

अण्णा खुर्चीतून उठले. इतक्या दिवसांत आलेल्या एकाही माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही. त्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, "या. पायी चालत जाऊ."

मग दोघं घरभर फिरली. मागच्या अंगणातून, गच्चीवरून, पाण्याच्या टाकीपाशी वाकून. "ही खिडकी पावसाळ्यात फुगते. ओढायची नाही, खालून उचलायची." "किती?" "अर्धा इंच." "आणि हा बाण?" "तिथे पाल राहते. दोष नाही, पण माहीत असावं." यजमानांना तिसऱ्या पायरीवर ठेच लागली, तेव्हा अण्णांनी समाधानाने मान हलवली. मी आणि बाबर ओट्यावर बसून थंड झालेली कॉफी पीत होतो. कितीतरी दिवसांनी मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि ते बोगद्याबाहेर घडत होतं.

शेवटी ती दोघं हॉलमध्ये आली. डॉक्टरबाईंनी खिळ्याभोवतालचं वर्तुळ बोटाने तपासलं. "इथं काय? इथं तर भिंत ठणठणीत दिसतीय."

अण्णा जरा गोंधळले. "तो दोष नाही. तिथे हिचा फोटो होता. ते चुकून काढलं गेलं."

"राहू दे. आणि पुसू नका काही. मला पुढं लागतील या खुणा." त्या बाबरांकडे वळल्या. "किती म्हणता?"

"पासष्ट, मॅडम. बसून बोलू—"

"त्यातून मागच्या भिंतीचा खर्च वजा—" अण्णांनी सुरुवात केली.

"अण्णा, पाया पडतो!" बाबर खरोखरच वाकले.

"वजा नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाजारात ज्या जनावराची खोड मालक आपणहून सांगतो, त्याला मी घासाघीस करत नाही. असा मालक आजवर एकच भेटला होता. ती गाय अजून आहे माझ्याकडं."

"मी थोडी करून बघू का?" यजमानांनी विचारलं. त्यांचं ते त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

"नाही," बाई म्हणाल्या. आणि यजमानांचं ते शेवटचंही ठरलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाबरांचा धंदा पुढे फार वाढला. गिऱ्हाइकाला घराचा एक दोष आपण होऊन सांगायचा, त्याने विश्वास बसतो, हे त्यांनी त्या दिवशी टिपून घेतलं. ज्या घरात दोष सापडत नाही तिथे ते एखादा तयार करवून घेतात, असं मी ऐकून आहे.

अण्णा त्याच महिन्यात पुण्याला आले. एक ट्रंक, काठी, आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो. खंबाटकीच्या बोगद्यात ते शांत झोपले होते.

संध्याकाळी नीलाने चहा ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "नीला, बस जरा. मुकुंदा, तूही."

आम्ही बसलो. त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"उजवा कान," त्यांनी कानाला बोट लावलं. "कमी ऐकतो. मी हो म्हणालो, तरी ऐकलेलं असेलच असं नाही. हा डावा पाय पायरी उतरताना मागे राहतो. गोळी घेतली म्हणून सांगतो, पण दर वेळी घेतलेली नसते, पाकीट तपासायचं. गोडाच्या बाबतीत माझ्या शब्दावर जाऊ नये. राग येतो तेव्हा बोलत नाही. त्याने घरच्यांना त्रास होतो, हिला फार झाला."

नीला माझ्याकडे बघायला लागली. मी कपाकडे.

"आणि रात्री कधी कधी हाक मारतो," अण्णा म्हणाले. "ती तुम्हाला नसते. उठून येऊ नये."

मग नीलाने, जिने डॉक्टरबाईंना कधी पाहिलंही नव्हतं, विचारलं, "मग त्यावर तुम्ही काय करता?"

अण्णांनी विचार केला. "काही नाही. थोडा वेळ वाट बघतो. मग आठवतं."

त्यांनी चहाचा कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला आणि माझ्याकडे वळले. "सही लागते खरं म्हणजे. पण तोंडी म्हटलंस तरी चालेल."

"काय म्हणू?"

"'चार्ज घेतला' म्हणायचं."

"चार्ज घेतला, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी नव्या उशीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"ओके," ते म्हणाले.